ड्राइव्हवेवरच्या बर्फावर कोणतं मीठ टाकायचं?

प्रश्न: आम्ही मिनेसोटात राहतो, ड्राइव्हवेवर रॉक सॉल्ट टाकतो पण उणे १५ झालं की बर्फ हलतच नाही. ‘इको फ्रेंडली’ लिहिलेल्या पिशव्या घ्याव्यात का?

उत्तर: रॉक सॉल्ट म्हणजे आपलं सोडियम क्लोराइडच, ते साधारण उणे ९ सेल्सियसपर्यंत नीट चालतं, त्याखाली कितीही ओता, खडे तसेच पडून राहतात आणि नंतर सगळं गटारातून तळ्यात जातं. मॅग्नेशियम क्लोराइड उणे १५च्या आसपास चालतं, कॅल्शियम क्लोराइड उणे २५ला पण, शिवाय ते विरघळताना उष्णताही सोडतं. पण क्लोराइड तिन्हीत आहे, आणि ते पाण्यात गेलं की विघटन वगैरे काही होत नाही, एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर पाणी जलचरांसाठी खराब करतं, हे खरंच गंभीर आहे हो! पिशवीच्या मागचे घटक वाचा, पुढे हिरवं पान छापलेलं असलं तरी आत बऱ्याचदा क्लोराइडच असतं. कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेटमध्ये ते नसतं, पण ते महाग आणि तुमच्या थंडीत निरुपयोगी. युरिया नकोच, ते खत आहे, तळ्यात शेवाळ वाढवतं. आधी फावड्याने बर्फ काढा, मग गरजेपुरतं कॅल्शियम क्लोराइड, २० फुटी ड्राइव्हवेला कॉफीचा एक मग पुरे, आणि अगदीच कडाक्याला नुसती वाळू, पाय घसरत नाही.