खिशात किती आहेत ते आधी लिही

पोरी,

तुझी पटकथा दोनदा वाचली आणि सोबतचं पत्र चारदा. पत्र जास्त खरं आहे. शेवटी नायक-नायिकेला मारू की त्यांचं लग्न लावू, यात तुझे तीन आठवडे गेले. निर्माता एक सांगतो, संकलन करणारा मित्र दुसरं सांगतो आणि तुला झोप लागत नाही. त्या जाग्या रात्री मला माहीत आहेत. पण प्रश्नच चुकलाय. तुला शेवट सापडत नाही, कारण सतराव्या प्रसंगात, आइस्क्रीमच्या दुकानात, त्या मुलाच्या खिशात किती पैसे आहेत हे तुला ठाऊक नाही.

मी सत्तावीस वर्षं कंटिन्युइटी सांभाळली. सिनेमा सलग चित्रित होत नाही. आज पासष्टावा प्रसंग, उद्या तिसरा. म्हणून शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं, ग्लासात पाणी किती उरलं होतं, घड्याळ कुठल्या हातात होतं, हे कुणीतरी लिहून ठेवायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे मी. या कामाने मला एकच गोष्ट शिकवली आणि तीच मी तुला शंभरदा सांगणार आहे. प्रत्येक प्रसंगात प्रत्येकाच्या खिशात किती आहेत ते आधी लिही. प्रेम मग लिही.

तू लिहिलंयस, ‘दोघं आइस्क्रीम खातात. हसतात. गाणं सुरू.’ पैसे कोणी दिले? तो इस्त्रीवाल्याचा मुलगा, ती डॉक्टरांची मुलगी. तिने दिले असतील तर तो घास गिळतो कसा, ते दाखव. त्याने दिले असतील तर आण कागद. दोन कपांचे एकशेसाठ धर. इस्त्रीचे नगामागे आठ रुपये धर. झाले वीस कपडे. त्याच्या बापाने वीस शर्टांवर कोळशाची जड इस्त्री फिरवली ती त्या दोन कपांत गेली. आणि पैसे मुलाकडे आले कुठून? तो घरोघरी कपडे पोचवतो, गिऱ्हाईक पैसे त्याच्या हातात देतं आणि ते रात्री बापाच्या डब्यात जायचे असतात. म्हणजे आज डब्यात एकशेसाठ कमी पडणार. म्हणजे त्याने प्रेमासाठी आयुष्यातली पहिली चोरी केली आणि ती स्वतःच्या बापाकडे केली. तुझा सिनेमा इथे आहे, पोरी! आणि नेमकं इथे तू गाणं टाकलंस.

‘फँड्री’ तू पाहिलायस, तुझ्या पत्रातच उल्लेख आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो आपल्याकडे लागला तेव्हा मी पहिल्या आठवड्यात दोनदा गेले. जब्या, त्यातला मुलगा, शेवटी आपल्याकडे भिरकावतो त्या दगडाबद्दल सगळे बोलत होते. मी मात्र त्याच्या जीन्सच्या पँटपाशी अडकले होते. ती हवी म्हणून पोरगं सायकलवर पेप्सीकोला, म्हणजे बर्फाच्या कांड्या, विकत फिरतं आणि ती सायकल ट्रकखाली जाते. त्या एका सायकलीत त्याच्या प्रेमाचं सगळं भांडवल होतं. त्याला आवडणाऱ्या शालूशी तो धड बोलतही नाही, तरी आपल्याला त्याचं सगळं कळतं, कारण नागराज मंजुळेंनी आपल्याला त्या मुलाचा खिसा दाखवलाय.

आणि ‘सैराट’. २०१६ मध्ये माझ्या ओळखीतले कितीतरी जण म्हणत होते की पहिला भाग काय सुंदर, दुसरा लांबतो. मी त्यांच्याशी भांडले. अजूनही भांडेन. ट्रॅक्टर चालवत येणारी, बुलेटवर बसणारी आर्ची हैदराबादच्या वस्तीतल्या खोलीत येते, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तिथून पुढेच तर ती आणि परश्या एकमेकांना पहिल्यांदा नीट दिसतात. गावात तिचा खिसा भरलेला होता म्हणून तिचं धाडस आपल्याला मोहक वाटलं. रिकाम्या खिशाने तीच मुलगी रडते, चिडते, परत निघते, पुन्हा येते. परश्या संशय घेतो, हात उगारतो. दिग्दर्शकाने हे लपवलं नाही. तुझा नायक दोनशे पानांत एकदाही चुकत नाही. गरीब म्हणून त्याला देवमाणूस करू नकोस, तो अपमानच आहे.

आता एक गोष्ट जरा रागाने सांगते. तू सगळीकडे ‘वर्ग’ हा शब्द वापरतेस आणि मुलाला आडनाव दिलेलं नाहीस. का? मी वर घेतलेले दोन्ही सिनेमे जातीचे आहेत, हे तुला माहीत आहे. डॉक्टरांच्या घरात त्याला पाणी कुठल्या भांड्यात दिलं जातं, हे पैशाने ठरतं की आडनावाने? आपल्याकडे खिसा आणि आडनाव एकाच शिवणीने शिवलेले असतात. भीती वाटते म्हणून गाळलंस, हे मी ओळखलं, कारण मीही तेच केलं होतं. त्यावर येते.

आधी तुझ्या शेवटाचं बघू. ती सोळाची, तो सतराचा. लग्न लावतेस कसं? मुलीला अठरा पूर्ण लागतात, मुलाला एकवीस. ती अठराच्या आत आहे म्हणून मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यापुढे तिची संमती संमती ठरत नाही. दोघं पळाले की डॉक्टर पोलीस ठाण्यात जाणार. मुलगाही अठराच्या आतला, म्हणून त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करतील. ती कितीही म्हणाली की मी माझ्या मनाने गेले, तरी तारखा पडतच राहणार. आता सांग, वकिलाला कोण देणार? पुन्हा वीस-वीस कपडे मोजायला बस. एका तारखेचे किती कपडे, दुकान किती दिवस बंद, गिऱ्हाईक किती तुटलं. मृत्यू आणि लग्न याशिवाय तिसरं काही नाही, असं तू लिहिलंयस. हे सगळं तिसरंच आहे आणि ते कोणी लिहीत नाही.

मीही लिहिलं नाही.

माझी आई एका बंगल्यात पोळ्या करायला जायची. शाळा सुटली की मी तिथे मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे. त्या घरातला मुलगा माझ्याहून एका वर्षाने मोठा. तो मला पुस्तकं द्यायचा आणि परत घेताना कुठलं पान आवडलं ते विचारायचा. एवढंच, पण माझ्यासाठी ते फार होतं. एके दिवशी त्याच्या वडिलांनी आईला दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘ताई, उद्यापासून मुलीला आणू नका. तिच्या अभ्यासाचा खोळंबा होतो.’

वीस वर्षांनी मला एक पटकथा लिहायला मिळाली. मी हेच लिहिलं, पण मुलगा गरीब केला, मुलगी बंगल्यातली केली आणि त्या मऊ आवाजाच्या माणसाचा आरडाओरडा करणारा, गुंड पाठवणारा बाप केला. निर्मात्याला तो आवडला. गाण्यात नायकाला नवा शर्ट हवा होता. मी कंटिन्युइटी करणारी बाई, मला दिसत होतं की हा शर्ट त्याला कुठूनच येऊ शकत नाही, तरी मी गप्प बसले. शर्ट आला. आडनाव गेलं. सगळ्यात शेवटी आई गेली. नायकाच्या आईचे तीन प्रसंग होते, लांबी जास्त होते म्हणून ते काढायला सांगितले आणि मी स्वतःच्या हाताने काढले.

तेव्हा माझ्यावर घर होतं, भावाचं शिक्षण होतं, आणि पटकथा लेखक म्हणून पाटीवर नाव यायची ती पहिली वेळ होती. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं आणि त्यात आई मुळातच नसती. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. आज तुला सांगतानाही त्यात काही खोटं आहे असं वाटत नाही. पण खरं कारण ते नव्हतंच. आईने ते पाकीट घेतलं होतं. नको म्हणाली नाही, मान खाली घालून घेतलं आणि कमरेला खोचलं. त्या पैशांतून माझी अकरावीची फी भरली गेली. आई पैसे घेते, हे पडद्यावर लिहायची माझी छाती झाली नाही. ओरडणारा बाप लिहिणं सोपं होतं. खिशाचं खरं लिहिलं की आपल्याच माणसांपाशी येऊन पोचतो, म्हणून सगळे गाणं टाकतात.

तू विचारलंयस, डॉक्टरांच्या मुलीच्या जागी तूच वाढलीस, मग त्या मुलाचं लिहायचा तुला अधिकार आहे का. अधिकाराचं मला विचारू नकोस, कष्टाचं विचार. इस्त्रीच्या टपरीवर आठ दिवस उभी राहा, कपडे मोज. आणि तुझ्या नायिकेचाही खिसा लिही, तो तर तुला पाठ आहे! तिला पैसे कोण देतं, हिशेब कोण मागतं, वडिलांनी एक दिवस देणं थांबवलं तर तिच्याकडे काय उरतं? तिची गरिबी तिथे आहे. तू ती लिहिलीच नाहीस, कारण ती तुझी आहे.

आणखी एक. वस्तीतलाच मुलगा घ्यायचा म्हणतेस, चांगलं आहे. नायकाच्या धाकट्या भावासाठी दहा वर्षांचा शोधते आहेस, तर बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम वाच. चौदाच्या आतल्या मुलाला दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. निर्माता म्हणेल, बघू नंतर. नंतर नाही. पहिल्या दिवसाआधी पावती बघ. ज्याच्या चेहऱ्यावर गरिबी शोभते म्हणून आपण त्याला घेतो, त्या मुलाचा खराखुरा खिसा तुझ्या हातात असेल. नायकाचं काम करणारा चौदाच्या वर असला म्हणून नियम सैल होतील, तुझी जबाबदारी सैल होणार नाही.

आता काम. शेवटाला हात लावू नकोस. प्रत्येक पानाच्या समासात दोन आकडे लिही, त्याच्याकडचे आणि तिच्याकडचे. कुठे आकडा सुचत नाही तिथे खूण कर, तो प्रसंग खोटा आहे असं समज आणि मला पाठव. सतराव्यातलं गाणं काढ. त्याऐवजी रात्र लिही. बाप डबा उघडतो, मोजतो, पुन्हा मोजतो, काही न बोलता झाकण लावतो. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलाय. त्याचे डोळे उघडे आहेत. संवाद नको.

तुझी
मावशी