गावचं आरोग्य केंद्र सुधारण्यासाठी लोकांना एकत्र कसं करायचं? मोर्चा काढावा का?

काढा, पण आत्ता नको. तुम्ही लिहिलंय की प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर बारा वाजता निघून जातात, गोळ्या बाहेरून आणायला लावतात, गावातली दहा-बारा पोरं चिडली आहेत आणि केंद्राला टाळं ठोकायचं ठरतंय. आम्ही ते टाळं एकदा ठोकून बसलोय, म्हणून लिहितेय.

सह्याद्रीच्या कडेच्या एका आदिवासी तालुक्यात एका छोट्या संस्थेची कार्यकर्ती म्हणून मी सहा-सात वर्षं काढली. पहिल्याच वर्षी एका बाळंतिणीला रात्री दारातून परत पाठवलं. लोक भडकले, दुसऱ्या दिवशी आम्ही कुलूप घेऊन हजर. पेपरात फोटो आला, आठवड्याभरात डॉक्टरांची बदली झाली आणि आम्ही पेढे वाटले. (खरंच वाटले. आता आठवलं की मान खाली जाते.) त्यानंतर आठ महिने तिथे दुसरा डॉक्टर आलाच नाही. ओपीडी नर्सबाईंनी एकटीने ओढली आणि लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या. चूक काय त्यांची?

शहाणपण आलं ते चक्क एका सरकारी योजनेतून. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यात लोकाधारित देखरेख हा एक भाग होता. कागदावरच्या सेवा गावाला खरोखर मिळतात का, हे गावानेच तपासायचं. महाराष्ट्रात २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली, राज्याचं समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होतं. आमच्याकडे ते नंतर पोचलं. पद्धत साधी होती. वाडीवर बसायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक सेवेपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही भिंतीवरचा लाल रंग कळतो, आणि ‘हा पिवळा का? लाल करा की!’ म्हणून ती भांडते. मग जनसुनवाई. मंचावर अधिकारी, समोर गाव.

आमच्या पहिल्या जनसुनवाईचा मुद्दा तुमचाच होता, बाहेरच्या गोळ्यांचा. डॉक्टर ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी लिहायचे ती कोऱ्या चिटोऱ्यावर. ना शिक्का, ना सही, ना तारीख. विचारलं की ‘माझी कशावरून?’ म्हणून आम्ही बायकांना एवढंच सांगितलं, की चिठ्ठी फेकू नका, घरी गेल्यावर पोराकडून मागे तारीख, पेशंटचं नाव आणि मेडिकलवाल्याने घेतलेले पैसे लिहून घ्या, आणि केसपेपरला टाचून ठेवा. तीन महिन्यांनी एक आजी तंबाखूच्या रिकाम्या डब्यात घरातल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या. बाकीच्या वाड्यांच्या आल्या त्या पिशव्यांतून. सगळ्या टेबलावर ओतल्या. तालुका आरोग्य अधिकारी चाळत राहिले, बराच वेळ बोललेच नाहीत.

मग ते डॉक्टर उठले. आम्हाला वाटलं आता भांडण. त्यांनी साठा नोंदवही आणि मागणीपत्रांच्या प्रती पुढे ठेवल्या. मागणी तीनदा गेली होती, आलं होतं ते मागितल्याच्या पावभर. काही चिठ्ठ्यांमागे मेडिकलवाल्याशी साटंलोटं होतं, ते आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही. पण सगळ्यांमागे नव्हतं. जिल्ह्याच्या सुनवाईला जाताना त्याच मागणीपत्रांच्या झेरॉक्स आमच्या फायलीत होत्या, डॉक्टरांनीच दिलेल्या. कुलूप लावलं असतं तर त्या मिळाल्या असत्या का?

जिल्ह्याने हात वर केले, ‘वरून पुरवठाच नाही.’ चिडू नका, बऱ्याचदा ते खरं असतं. औषधखरेदीचा प्रश्न तालुक्यात सुटत नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये यासाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथे दवाखान्याला बँकेसारखं पासबुक असतं, कितीची औषधं उचलली आणि किती शिल्लक, ते त्यात दिसतं. आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी कंपनीकडे दिली, ओरड थांबली नाही, शेवटी २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. ‘तमिळनाडूसारखं करा’ ही मागणी जन आरोग्य अभियान ही राज्यातल्या संस्था-संघटनांची आघाडी वर्षानुवर्षं लावून धरत होती. आजींच्या डब्यासारखे पुरावे नसते तर त्या मागणीला मुंबईत कोणी चहाही विचारला नसता, असं माझं मत आहे. तुमच्या गावातल्या नोंदीही अशा कोणाच्या तरी हाती पडायला हव्यात. एकट्या गावाचं गाऱ्हाणं जिल्ह्याच्या पुढे जात नाही.

आमच्याकडे काय झालं? रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे केंद्राचा किरकोळ निधी सांभाळणाऱ्या स्थानिक समितीच्या पैशातून निकडीची औषधं घेतली जाऊ लागली, कोऱ्या चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि डॉक्टर मीटिंगला गेले तर तसं फळ्यावर लिहिलं जाऊ लागलं. केंद्रातल्या डॉक्टरांच्या दोन जागांपैकी दुसरी मात्र मी तिथून निघेपर्यंत रिकामीच होती.

तर तुम्ही आधी चार आठवडे नोंदींची एक वही ठेवा. रोज कोणीतरी एकाने ओपीडीच्या वेळात केंद्रावर जायचं आणि डॉक्टर किती वाजता आले-गेले, कोणती गोळी नव्हती, कोणाकडून पैसे घेतले ते लिहायचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, तेव्हा पैसे घेतले असतील तर ती नोंद सोन्यासारखी जपा. साठ्याची माहिती तोंडी मिळाली नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग विषय ग्रामसभेत घ्या, पण त्याआधी महिला ग्रामसभेत. दवाखान्याच्या पायऱ्या बायकाच झिजवतात, आणि पुरुषांच्या सभेत पाच मिनिटांत विषय रस्त्यावर आणि गटारावर जातो. ठराव ‘आरोग्य सेवा सुधारा’ असा मोघम नको. ‘अमुक पद अमुक महिन्यापासून रिक्त आहे, ते भरा’ असा हवा. प्रोसिडिंगमध्ये तो उतरलाय की नाही हे सही करण्याआधी वाचा. मोर्चा त्यानंतर. तेव्हा तुमच्या हातात घोषणेशिवाय आणखी काहीतरी असेल.

आणि तुमच्या दहा-बारा पोरांत एकही बाई नाही, हे तुमच्या प्रश्नावरूनच दिसतंय. आधी ते बघा. पण त्यासाठी आशाताईंना पुढे करू नका. त्यांना सगळं माहीत असतं, त्या सांगतीलही, पण त्यांच्या मोबदल्याचे कागद त्याच केंद्रातून जातात. आमच्या एका आशाताईंचं नाव आम्ही उत्साहाच्या भरात सुनवाईत घेतलं, आणि पुढचे चार महिने त्यांच्या प्रत्येक फॉर्मात काही ना काही त्रुटी निघत राहिली.