रविवारच्या फोनवर ‘बरंय’ म्हणणाऱ्या मुलीला

या वेळचं पत्र वहीच्या पानावर आलंय. लिहिणारी मुलगी सहावीत आहे, लातूरकडच्या एका खेड्यातली, आता नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात राहणारी. तिच्या आतेबहिणीनं पानाचा फोटो काढून मला पाठवला. नाव, गाव, शाळा छापत नाही. पत्रातला मुख्य भाग असा:

“मावशी, मी झेडपीच्या शाळेत पहिलीपासून पहिली यायचे. नवोदयला नंबर लागला तेव्हा बाबांनी चौकात माझ्या फोटोचा बॅनर लावला, पेढे वाटले. इथं वर्गातल्या 40 जणांत माझा 36वा नंबर आला. इंग्रजीत नापास झाले. रविवारी फोनवर बाबा विचारतात, मी म्हणते बरंय, पाचवी आले. येळवशीला (वेळा अमावास्येच्या सणाला) घरचे सगळे शेतात गेले, मी इथं होते. रात्री लाइट बंद झाली की रडू येतं. वार्षिक परीक्षेत पेपर कोरे दिले तर घरी पाठवतील का?”

बाळा,

पेपर कोरे देऊ नकोस. हे आधी सांगते, कारण तू ते अगदी शेवटी, घाईघाईनं लिहिलंस आणि मला रात्रभर तेवढंच आठवत राहिलं. घरी यायचंच असेल तर सांगून यायचं. मुद्दाम नापास होऊन आलीस तर गाव म्हणेल हिला झेपलं नाही, आणि दोन-चार वर्षांनी तुलाही तेच खरं वाटायला लागेल.

आता नंबराचं बघू. नवोदयच्या सहावीत साधारण 80 जागा असतात. त्यात किमान 75 टक्के खेड्यांतल्या मुलांच्या आणि किमान एक तृतीयांश मुलींच्या. तुझ्या वर्गात बसलेलं जवळजवळ प्रत्येक लेकरू आपापल्या शाळेत पहिलं-दुसरं येत होतं. त्यांतलं कुणीतरी 36वं येणारच. पण हे तुला तिथं बाईंनी, सरांनी सांगितलंच असेल, आणि ते ऐकून रात्रीचं रडू थांबत नाही. म्हणून नेमकं कुठं अडलंय ते शोधू.

तू दिलेली निवड परीक्षा आठव. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 50 गुण आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीला, 25 अंकगणिताला, 25 भाषेला. तो भाषेचा पेपर तू मराठीतून सोडवलास. आकृत्यांत आणि गणितात तुझं डोकं चाललं म्हणून तू तिथं आहेस. इंग्रजी तुला त्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता रोज विचारतायत. शेजारच्या बाकावरची काही मुलं इंग्रजी शाळेतून आली असतील, काहींच्या घरी शिकवणारं कुणी असेल. ती तुझ्याआधी निघाली, एवढंच.

मात्र हे अंगावर काढू नकोस. सातवी-आठवीनंतर नवोदयमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, सामाजिक शास्त्र हिंदीतून. तुझ्या हातात अजून वर्ष-दीड वर्ष आहे आणि ते पुष्कळ आहे. इंग्रजीच्या बाईंकडं किंवा सरांकडं स्वतःहून जा आणि म्हण, “मला वाचताना अडतं, रेमेडियलच्या जादा तासाला बसवा.” कुणी बोलवायची वाट बघू नकोस. गणिताच्या वहीत अपूर्णांकाशेजारी ‘फ्रॅक्शन’ लिही, विज्ञानात पेशीशेजारी ‘सेल’. रोज पाच शब्द, जास्त नको. आणि तुझ्या हाऊसमधली, म्हणजे वसतिगृहातल्या तुझ्या गटातली, एखादी आठवी-नववीची ताई हेर, जी तुझ्यासारखीच झेडपीतून आलीय. अशी एक तरी असतेच. सहावीत तिचा कितवा नंबर आला होता, ते तिला विचार.

इंग्रजीचं होऊन जाईल. मला काळजी त्या ‘पाचवी आले’ची आहे.

माझं सांगते. मीही गावाहून तालुक्याच्या कन्याशाळेत आले होते, नातेवाइकांकडं राहून. निवडक मुलींची ‘अ’ तुकडी. सहामाहीत माझा 39वा नंबर आला. अण्णांना पोस्टकार्ड लिहिताना मी 3 लिहिला आणि पुढचा 9 गाळला. एका बाजारच्या दिवशी अण्णा बाईंसाठी पिशवीभर शेंगा घेऊन थेट शाळेत आले, आणि बाईंनी कौतुकानं निकालपत्रक त्यांच्यापुढं उघडलं. एसटी स्टँडपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. रसवंतीत मला रस पाजला, स्वतः घेतला नाही. गाडी लागल्यावर म्हणाले, “नंबराचं जाऊ दे. पर पत्रात ‘मी बरी हाय’ असं लिवतीस, ते तरी खरं हाय का?”

त्यानंतर दोन वर्षं मी ‘खुशाल आहे’ लिहिलं की आठवड्याभरात अण्णा रोजगार बुडवून स्वतः बघायला यायचे. मी खरंच खुशाल असले तरी.

तुला तिथं बारावीपर्यंत राहायचं आहे. सात वर्षं. त्यात कधी ताप येईल, मैत्रीण रुसेल, पाळी सुरू होईल. नववीत वर्गातल्या साधारण 30 टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, त्यात कदाचित तूही असशील. त्या प्रत्येक वेळी तुला घरी खरं सांगता आलं पाहिजे आणि बाबांना ते खरं वाटलं पाहिजे. म्हणून आत्ताच सांग.

फोनवर नको. फोनवर मागं रांग असते आणि बाबांचा चेहरा दिसत नाही. भेटीच्या रविवारी सांग. झाडाखाली डबा उघडून बसाल तेव्हाही लगेच नको, त्यांना घास गिळवणार नाही. जेवण झालं, हात धुतले, की म्हण, “बाबा, पाचवी आले म्हणाले ते खोटं होतं. 36वी आले. इंग्रजी जमत नाही. तुम्ही बॅनर लावला म्हणून सांगायला भ्याले.” एवढंच. ते गप्प बसले तर तूही गप्प बस. रागावले तर रागावू दे. परतीच्या गाडीत त्यांना विचार करायला भरपूर वेळ मिळेल.

बॅनरचं ओझं घेऊ नकोस. तो त्यांनी तुझ्या मागच्या मेहनतीसाठी लावला, पुढचं काही वदवून घेण्यासाठी नाही. जुने बॅनर आमच्याकडं सोयाबीनच्या ढिगावर झाकायला जातात. तुझा मात्र बाबांनी घडी घालून पेटीत ठेवला असेल, असं मला वाटतं.

आणि वाचणाऱ्या आई-बापांनो, दहा-अकरा वर्षांच्या लेकराचा फोटो चौकात लावताना थोडं थांबा. तिसरी-चौथीपासून नवोदय-स्कॉलरशिपच्या निवासी क्लासला पोरं टाकायची, निकाल लागला की गावभर मिरवायचं, आणि मग ते लेकरू पहिल्यांदा घर सोडून कुठं निजतंय हे कुणी विचारायचं नाही, याचा मला फार राग येतो. फोनवर आधी नंबर विचारू नका. जेवलीस का, कुणाशेजारी बसतेस, ते विचारा.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण विचारते. रात्रीचं रडू घरच्या आठवणीनं येतं की तिथं कुणी त्रास देतं? त्रास असेल तर हाऊसच्या मॅडमना आजच सांग. त्यांनी ऐकलं नाही तर प्राचार्यांना. 1098 हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, तोही पाठ करून ठेव.

घरी परत यायचं की नाही, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांजवळ बसून ठरवा. तेव्हाही यावंसं वाटलं तर ये. गावाकडं शिकणं म्हणजे वाटोळं नव्हे. आपल्या कितीतरी पोरी एसटीच्या मोफत पासवर तालुक्याला जाऊन बारावी होतात. फक्त सहावीची निवड परीक्षा एकदाच देता येते, आणि नववीला रिकाम्या राहिलेल्या जागांपुरतीच वेगळी परीक्षा असते. एवढं दोघांनी ध्यानात ठेवून ठरवा.

आता आतेबहिणीला. बाई, हा फोटो पाठवून तू फार चांगलं काम केलंस. पुढच्या भेटीला तूही जा आणि बाबा पाणी आणायला गेले की हे तिला वाचून दाखव. येळवशीची भज्जी काही टिकणार नाही, पण धपाटे आणि शेंगाची चटणी ने. चार रेघांच्या दोन वह्याही घे. तुझंही इंग्रजी कच्चं आहे, असं तू फोटोखाली लिहिलं होतंस. एक वही तिला दे, एक तुला ठेव, रोज पाच-पाच शब्द लिहा आणि दर भेटीला वह्या बदला.

– तुमची मावशी