पहिला घास वावराचा

बाळा,

गावाहून आलेला तुझा व्हॉइस मेसेज मी काल इथे जर्मनीत ऑफिसातून येताना बसमध्ये ऐकला आणि घरी येऊन परत दोनदा ऐकला. "आई, तू म्हणतेस अन्न टाकायचं नाही, मग आबाजींनी एवढा भाजलेला रोडगा फोडून पहिला तुकडा मातीत का टाकला? आणि नरनाळा किल्ल्यावर मी वानराला बिस्कीट दिलं तर मलाच का रागावले?" प्रश्न अगदी बरोबर आहे तुझा. फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं तर तुझं समाधान झालं नसतं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबांकडून वाचून घे, आणि मध्ये एखादा वऱ्हाडी शब्द अडला तर आजीला विचार, तिला आवडेल.

आधी मला सांग, रोडगे होताना तू सगळं पाहिलंस का, की बैलगाडीवर चढून बसला होतास? कारण तो तुकडा किती मेहनतीचा होता हे पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रोडग्याची कणीक आपल्या पोळीसारखी बारीक नसते, जाडसर दळून आणतात, त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन, आणि घट्ट मळायची, हात दुखतात. मग एक छोटा गोळा करायचा, त्याच्यावर तेल लावलेली लाटी गुंडाळायची, तिच्यावर अजून एक, म्हणून तर फोडल्यावर आत पदर सुटतात कांद्यासारखे. तोवर पुरुष माणसं गोवऱ्या रचून पेटवतात. जाळ असताना रोडगे टाकायचे नाहीत, जाळ बसला आणि लाल निखारा राहिला की टाकायचे, फिरवत राहायचं, आणि शेवटी गरम राखेत पुरून ठेवायचे. आमच्याकडे भाजायचं काम कायम पुरुषांचंच, माझे काका त्यात पटाईत होते, राख झटकून फडक्यात घोळवलेला रोडगा ते कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे आणि आवाजावरून सांगायचे की आतून झाला का नाही. दुसऱ्या चुलीवर गंजात वांग्याची भाजी, तिसऱ्यावर तुरीचं वरण. वांगी घरची, तूर घरची, सांबार धुऱ्यावरून तोडून आणलेला. (सांबार म्हणजे कोथिंबीर रे, तू मागच्या वेळेस आजीला "यात इडलीचा सांबार का टाकतेस" विचारलं होतंस!)

म्हणजे सकाळी दहाला सुरू केलेलं जेवण दुपारी दोनला पत्रावळीवर येतं, पोटात कावळे ओरडत असतात, तुपाचा वास सुटलेला असतो, आणि तेव्हा पहिला तुकडा आपल्या तोंडात जात नाही. तो वावराला, म्हणजे शेताला, जातो. मी पण तुझ्याएवढी असताना हेच विचारलं होतं, आणि आबाजी तेव्हा म्हणाले होते, "वावरानं आपल्याले देल्लं ना, मंग त्याले अगुदर द्या लागते." एवढंच. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, कारण माती काही खात नाही असं मला वाटायचं. मग मी जेवण झाल्यावर त्या तुकड्यापाशी बसून राहिले. आधी मुंग्या आल्या, ओळीनं. मग दोन साळुंक्या आल्या, त्यातली एक मोठा पापुद्रा घेऊन बोरीवर गेली. संध्याकाळी घरी निघताना तिथे काहीच नव्हतं. म्हणून मला वाटतं की टाकणं आणि वाढणं यात फरक आहे बाळा. तू ताटात अर्धी पोळी ठेवून उठतोस ती कुणासाठी ठेवलेली नसते, पोट भरलं म्हणून सुटलेली असते, ती जाते कचऱ्याच्या डब्यात. आबाजींचा तुकडा ठरवून दिलेला, आपण भुकेले असताना दिलेला, आणि एकच घासाचा असतो. त्यांनी पूर्ण रोडगा कधी टाकला का बघ.

हे फक्त रोडग्यापुरतं नाहीये. तू थोडा लवकर गेला असतास, दिवाळीच्या आसपास, तर सीतादही पाहायला मिळालं असतं. कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या दिवशी आधी वावरात पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य, आणि तो दहीभात आम्ही कपाशीच्या तासांत शिंपडायचो, मग पहिलं बोंड तोडायचं. माझ्या आजीच्या हातून शिंपडलेलं मला आठवतं, पांढऱ्या बोंडांवर पांढरं शीत दिसायचंसुद्धा नाही. आणि पोळ्याला तर बैलच पाहुणे असतात, आदल्या संध्याकाळी त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून आवतण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या", आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय घरात कुणाचं पान वाढत नाहीत. आबाजींकडे आता एकच जोडी राहिलीय, बाकी कामं ट्रॅक्टरनं होतात, तरी त्या जोडीचा मान तेवढाच आहे.

एक गोष्ट मात्र तुला कुणी दाखवणार नाही, म्हणून मी सांगते. संध्याकाळी कापूस वेचून बाया परत निघतात ना, काट्यावर कापूस मोजला जातो, किलोच्या हिशोबानं मजुरी. पण त्यांच्या ओट्यात तुरीच्या हिरव्या शेंगा असतात, कुणाच्या पदरात मूठभर सांबार, चार मिरच्या. तुझी आजी त्या वेळेला नेमकी दुसरीकडे बघते. कापसाचा एकेक किलो वहीत लिहिणारी बाई, पण शेंगांविषयी मी तिच्या तोंडून आयुष्यात एक शब्द ऐकला नाही. मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणाली, त्याचे पण सोले (सोललेले दाणे) होतील, कुणाच्या तरी घरी भातात पडतील. मला वाटतं आबाजींचा मातीतला घास आणि आजीचं ते दुसरीकडे बघणं ही एकच गोष्ट आहे. तुझ्या वयात कळायला कठीण असेल, पण या वेळेस संध्याकाळी काट्यापाशी उभा राहून बघ.

आणि वानोळा! तो तर तू इथेही पाहिलायस, फक्त नाव माहीत नव्हतं. वावरातलं पहिलं काही निघालं, पहिली भेंडी, पहिली वांगी, पहिल्या शेंगा, की थोडं थोडं शेजारी आणि नातेवाइकांकडे पाठवायचं, त्याला वानोळा म्हणतात. आठवतं, मागच्या उन्हाळ्यात आपल्या गार्टनमध्ये पहिल्या चार झुकिनी आल्या आणि मी त्यातल्या दोन पलीकडच्या आजोबांच्या फाटकावर पिशवीत अडकवल्या, आणि तू म्हणालास "आपल्यालाच कमी आहेत"? इथे जर्मनीत त्या श्रेबरगार्टनचा, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या बागेचा, तुकडा कायद्यानं ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसतो आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश जागेत भाजी-फळं लावावीच लागतात, आपला तर त्याहून बराच लहान आहे, पण पहिलं पीक ते पहिलं पीक. त्या आजोबांना मराठी येत नाही, वानोळा म्हणजे काय ते मी समजावलं नाही, तरी सप्टेंबरमध्ये त्यांनी सफरचंदांची टोपली आणून दिलीच ना. तेव्हा मला गावाची इतकी आठवण आली की मी त्या रात्री ओव्हनमध्ये रोडगे केले. पदर सुटले, पण धुराचा वास नाही, आणि धुराशिवाय तो रोडगा वाटत नाही.

आता वानराचं. इथे तुझा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण एकीकडे आबाजी मुंग्या-पाखरांना देतात आणि दुसरीकडे वानराच्या हातातलं बिस्कीट सोडवतात. पण बघ, वावर आपलं आहे, तिथे आपण राबतो, तिथलं अन्न आपल्या घामाचं आहे म्हणून त्यातून वाटा देतो. नरनाळा आपलं वावर नाही. शाहनूरला फाटकातून आत गेलो की आपण पाहुणे, ते अभयारण्य आहे, मेळघाटच्या जंगलाला लागून, आणि मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पाहुण्यानं यजमानाच्या घरात जाऊन त्याच्या पोरांना आपल्या डब्यातलं भरवायचं नसतं. शिवाय त्या काळतोंड्या वानराचं पोटच वेगळं असतं, गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं, झाडपाला आंबवून पचवायला बनलेलं, त्यात साखरेचं बिस्कीट गेलं की ते आजारी पडतं. आणि एकदा माणसाच्या हातून खायची सवय लागली की रस्त्यावर येऊन बसतात, पिशव्या ओढतात, गाडीखाली येतात. आबाजी तुझ्यावर रागावले नाहीत रे, घाबरले. त्यांनी तशी गाडीखाली आलेली पिल्लं पाहिलीत.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहिलास का? तो १४८७ चा आहे, फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळात बांधलेला, त्याच्यावर कोरलेली अक्षरं आणि दगडातली ती नक्षी, मी प्रत्येक वेळेस तिथे हात फिरवून येते. तुझे बाबा म्हणाले की चढताना तुझे पाय दुखले आणि वर तलावापाशी बसून तू आजीची शिदोरी, भाकर आणि जवसाची चटणी, दोनदा मागून खाल्लीस. मला इथे वाचूनच भूक लागली.

येताना थोडी जवसाची चटणी घेऊन ये, आजी दोन पिशव्यांत पक्की बांधून देईल. अंबाडीचं बी मात्र आणायचं नाही, आजी कितीही म्हणाली तरी, बाहेरून बी आणायला इथे सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि आपल्याकडे ते नाही.

येत्या रविवारी मळ्यात परत रोडगे आहेत असं आजी म्हणत होती. या वेळेस पहिला घास तू ठेव, आबाजींना तसं मी सांगून ठेवलंय. आणि जेवण झाल्यावर लगेच पळू नको, तिथेच जरा बस आणि मला कळव की आधी कोण आलं, मुंगी की साळुंकी.

तुझी आई