वाचकांचे प्रश्न : २०७० चं उद्दिष्ट आणि गावातली मोटर

चोपडा तालुक्यातून एक सरपंच लिहितात : बैठकीत 'कार्बन न्यूट्रल गावा'चा आराखडा करायला सांगितलं. आमच्या गावात ना कारखाना, ना धूर. मग कमी काय करायचं? झाडं लावली की झालं का?

झाडांचं शेवटी बघा. देशाचं २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषला जाण्याचं, उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर झालं, आणि राज्याचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी त्याची पाच खाती आहेत. पण ग्रामपंचायतीच्या दप्तरात हे सगळं एकाच कागदावर दिसतं : वीजबिल. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. पाणीपुरवठा, खांबावरचे दिवे, शाळा, कार्यालय असे चार रकाने करा आणि युनिट लिहा, रुपये नकोत. रुपयांत थकबाकी आणि दंड मिसळलेला असतो. एकूण युनिटला ०.७ ने गुणलं की ढोबळ मानाने किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो. घंटागाडी आणि ट्रॅक्टरचं डिझेल लिटरमध्ये घेऊन २.७ ने गुणा. हा झाला तुमचा पाया, एका दुपारचं काम.

बहुतेक गावांत सर्वांत मोठा रकाना पाण्याच्या मोटरचा निघतो. तेव्हा मोटर तपासा. त्याला इंजिनिअर लागत नाही, खडू आणि मीटर पुरे. टाकी रिकामी करून भरायला घ्या, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग लिहा. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उभी उंची मीटरमध्ये मोजा. मग लिटर गुणिले मीटर, भागिले ३,६७,०००. हे झाले कमीत कमी लागणारे युनिट. समजा ५०,००० लिटरची टाकी आणि ४० मीटर उंची, तर उत्तर साडेपाच येतं. प्रत्यक्षात मीटर १०-११ युनिट फिरलं तर मोटर ठीक आहे. १८ फिरलं तर दर टाकीमागे सात युनिट वाया जातात. रोज एक टाकी धरली तर वर्षाला अडीच हजार युनिट, म्हणजे सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड. विहीर दोन-तीन किलोमीटर लांब असेल तर पाइपातल्या घर्षणामुळे आकडा थोडा जास्त येणारच, तेवढी सूट द्या.

जास्त फिरण्याची कारणं नेहमीचीच आहेत. फुटव्हॉल्व्हच्या जाळीत गाळ, झिजलेला इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक), तीनदा रिवाइंड केलेली मोटर, बंद पडलेला कपॅसिटर. आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'असू द्या जास्तीची' म्हणून बसवलेली गरजेपेक्षा मोठी मोटर. क्रम असाच ठेवा : आधी जाळी साफ करा, मग कपॅसिटर बदला, मग इंपेलर बघा. नवी मोटर सर्वांत शेवटी.

त्यानंतर गळती. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि पहाटे पुन्हा बघा. पातळी उतरली तर टाकी किंवा मुख्य व्हॉल्व्ह गळतोय. पातळी जागेवर असेल तर चोर गल्लीत आहे, आणि तो बहुतेकदा बिनतोटीचा नळ असतो. अर्ध्या इंची उघड्या नळातून मिनिटाला सहज दहा लिटर जातात. हंडा भरल्यावर पाणी गटारात धावतं, त्यामागे तुमची मोटर धावते. शंभर तोट्या बसवणं हेही हवामानाचंच काम आहे, फक्त त्याला फीत कापायला कुणी येत नाही.

दिव्यांचं थोडक्यात. एलईडी बसले असतील तरी ते दिवसा जळत नाहीत ना, ते पाहा. ३० वॅटचे शंभर दिवे रोज चार तास उगाच चालले की १२ युनिट गेले. डीपीवर टायमर बसवा. पावसाळा-हिवाळ्यात त्याची वेळ बदलायला माणूस नेमून द्या, नाहीतर नोव्हेंबरात अंधार पडतो आणि कुणीतरी वैतागून टायमर बायपास करतो.

ठराव लिहिताना 'गाव पर्यावरणपूरक करण्यात यावे' असं नको. असं लिहा : 'पाणीपुरवठ्याचे मासिक युनिट मार्चपर्यंत इतक्यावरून इतक्यावर आणणे, जबाबदारी पाणीपुरवठा कर्मचारी, रीडिंग दर १ तारखेला फलकावर.' खर्च कोणत्या निधीतून करायचा हेही त्याच ठरावात असू द्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. तरीही कित्येक ठिकाणी अबंधित पैसा शोभेच्या सोलर दिव्यांवर गेला आणि मोटर तशीच राहिली. पुढच्या निधीत बंधित किती, अबंधित किती, हे आराखड्याआधीच विचारून घ्या.

जळगावहून एक गृहिणी : वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मेमध्ये रात्री बारापर्यंत स्लॅब तापलेला असतो. गच्चीला चुना लावून खरंच फरक पडतो का? मागच्या वर्षी लावला तो महिन्यात भुकटी होऊन उडाला.

फरक पडतो. जुना उघडा सिमेंटचा स्लॅब उन्हातली बरीचशी उष्णता पिऊन घेतो आणि ती रात्री खाली सोडतो. ताजा पांढरा चुना उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. खोलीत साधारण दोन ते पाच अंशांचा फरक मिळतो, तोही वरच्या मजल्यालाच. खालच्यांना वर्गणी मागताना हे लक्षात ठेवा.

भुकटी का झाली, याचं कारण बहुधा लावण्याच्या वेळेत आहे. चुना नुसता वाळून चालत नाही. ओलावा असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू दगडासारखा होतो. मे महिन्यात दुपारी तापलेल्या स्लॅबवर फासला तर पाच मिनिटांत पाणी उडतं आणि उरते ती पावडर. म्हणून काम होळीच्या आसपास काढा, आणि तेही संध्याकाळी.

हजार चौरस फुटांना तीन हातांसाठी २० ते २५ किलो चुना लागतो. कळीचा चुना असेल तर किलोला पाच लिटर पाणी. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, कारण ते उसळतं आणि डोळ्यात गेलं तर डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका. एक दिवस-रात्र विझू द्या, मग जुन्या लुगड्यातून गाळा. दहा किलो चुन्याला अर्धा ते एक किलो पाण्यात विरघळणारा सुताराचा डिंक मिसळा. पूर्वी यात मीठ घालत. स्लॅबला मीठ अजिबात नको, आतली सळई गंजते.

गच्ची घासून धुवा, भेगा भरा आणि पाणी मारून ओलसर ठेवा. कुंच्याने पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. प्रत्येक हात पातळ, ताकाइतका. जाड लावला की पापुद्रे निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हलका फवारा मारलात तर उत्तम. एक पावसाळा गेला की चुना जातो, तेव्हा हे दरवर्षीचं काम समजा. दरवर्षी जमणार नसेल तर तयार पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग घ्या. महाग पडतो, पण तीन-चार वर्षं टिकतो. दोन्हींवर आपल्याकडची धूळ बसते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा झाडू फिरवा. गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिले दोन पाऊस बाहेर सोडा.

अमळनेर तालुक्यातून एक शेतकरी : कपाशी निघाली की पऱ्हाटी बांधावर जाळतो. आता सगळे बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) करा म्हणतात. करावं का?

चुलीला लागत असेल तर आधी चूल. उरलेल्या पऱ्हाटीचं काय करायचं ते जमिनीवर ठरतं.

भारी काळी जमीन असेल तर आमचं मत कुट्टीच्या बाजूने आहे. बायोचार अल्कधर्मी असतो आणि आपल्या काळ्या जमिनी मुळातच तशा असतात, त्यामुळे तिथे उत्पादनात मोठा फरक दिसत नाही. श्रेडरने बारीक करून मातीआड करा आणि टनाला आठ-दहा किलो युरिया द्या. पऱ्हाटीत कार्बन जास्त आणि नत्र कमी असतं. ती कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. 'कुट्टी केली आणि ज्वारी बसली' ही तक्रार याचीच. कुट्टी लवकर करा, कारण उभ्या पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट बघत असते.

मुरमाड, हलकी जमीन असेल तर बायोचार करून बघा. शंकूच्या आकाराचा खड्डा खणा, वर दीड मीटर रुंद आणि मध्ये पाऊण ते एक मीटर खोल. काडी कडकन मोडेल इतकी वाळलेली हवी. मध्ये उभी रचून वरून पेटवा, खालून नाही. ज्योत वर असली की खालच्या कोळशाला हवा मिळत नाही आणि धूरही ज्योतीतच जळतो. वरच्या काड्यांवर राखेचा पांढरा थर चढायला लागला की पुढचा थर टाका. धूर दिसला तर समजा, घाई झाली किंवा काडी ओली आहे. उशीर केला तर कोळशाची राख होते. दोन-तीन तासांत खड्डा भरतो. मग भरपूर पाणी मारा, दोन-तीनशे लिटर जवळ ठेवूनच सुरुवात करा. वरून विझला वाटतो आणि रात्री आतून पेटतो. फावड्याने उलथून पुन्हा भिजवा. शंभर किलो काडीमागे वीस-पंचवीस किलो कोळसा मिळतो. तो तसाच टाकू नका. बरोबरीने शेणखत मिसळून ओलसर ढिगात तीन आठवडे ठेवा, नाहीतर तोही पहिल्या वर्षी नत्र धरून बसतो. काम जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी करा. एप्रिलच्या वाऱ्यात नको.

रावेरहून : घराच्या छताचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर केळीला किती आधार होईल?

खरं सांगायचं तर केळीला जवळजवळ नाही. हजार चौरस फूट छत, ७०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के घट धरून वर्षाला सुमारे ५२,००० लिटर. दीड बाय दीड मीटरवर एकरी सुमारे १,८०० केळी बसतात आणि उन्हाळ्यात झाडाला दिवसाला १८ लिटर धरले तर ३२,००० होतात. म्हणजे वर्षभराचं छत एका एकराला दोन दिवसही पुरत नाही. ते पाणी घरच्या बोअरसाठी जरूर सोडा, पण बागेसाठी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि नाल्यावरचं पुनर्भरण बघा. नाल्याचं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये कधीच नको. आधी गाळ बसायला खड्डा, मग मोठे दगड, खडी, वाळू. एकदा गाळाने खडकातल्या भेगा बुजल्या की त्या पुन्हा उघडत नाहीत. फवारणी झालेल्या शेतातलं पाणीही बोअरपासून दूर ठेवा.

धुळ्याहून, सोसायटीचे सचिव : लिफ्ट आणि पंपाच्या कॉमन मीटरसाठी सोलर किती किलोवॉट घ्यावं?

वर्षाचे एकूण युनिट भागिले १,४०० हे तुमचं उत्तर. त्याहून मोठं घेऊ नका, उरलेल्या युनिटचा हिशोब ३१ मार्चला मिटतो आणि त्याला भाव कमी मिळतो. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी पूर्ण ओळ ढेपाळते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असं नसतं. पॅनेल ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की उत्पादन सुमारे पंधरा टक्के घटतं. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवू नका, खालून वारा खेळला पाहिजे. सांगाडा मात्र वळवाच्या वादळाला टिकेल असा पक्का घ्या. धुताना बोअरचं जड पाणी वाळू दिलं तर पांढरे डाग कायमचे बसतात, पहाटे धुऊन लगेच पुसा.

भुसावळहून, शिक्षक : शाळेने ५ जूनला दोनशे रोपं लावली. दिवाळीपर्यंत वीसच राहिली.

५ जूनला आपल्याकडे जमीन तव्यासारखी असते. फोटो त्या दिवशी काढा, रोपं मात्र दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. दोनशेऐवजी चाळीस घ्या : कडुनिंब, करंज, चिंच, अंजन. दोन फुटी खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या. पिशवी पूर्ण काढा आणि तळाशी गुंडाळलेली मुळं कापा. पिशवीसकट लावलेलं रोप पहिलं वर्ष हिरवं दिसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात जातं. दोन्ही उन्हाळ्यांत आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी आणि बुंध्याभोवती पाचोळा. सुट्टीतलं पाणी कोण घालणार, ते नाव आधी ठरवा. ठरत नसेल तर चाळीसचीही वीस करा.