गावातल्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला व्यवसाय शिक्षण सुरू करायचंय, सरकारी अनुदान मिळतं का? पुरतं का?

तुमची शाळा अनुदानित आहे आणि मल्टिस्किल (म्हणजे एकाच विषयात वेगवेगळी कामं शिकवणं) किंवा ऑटोमोबाइल सुरू करायचंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय, कारण आमचीही तालुक्याच्या ठिकाणची अनुदानित शाळाच आहे आणि या विषयाचं सगळं कागदपत्रांचं काम गेली सात वर्षं माझ्याकडे आहे.

मिळतं. हा पैसा समग्र शिक्षा योजनेतून येतो, २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान वगैरे एकत्र करून ही योजना झाली, आपल्या राज्यासाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. सरकारी आणि अनुदानित दोन्ही शाळा यात बसतात. पण शाळेने अर्ज केला आणि चेक आला असं होत नाही. तुमची मागणी जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात गेली पाहिजे, तिथून राज्याच्या आराखड्यात, मग दिल्लीत प्रोजेक्ट अप्रूव्हल बोर्ड म्हणजे पीएबी मंजूर करतं. एकदा आराखडा पुढे गेला की वर्ष गेलं, म्हणून जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला आत्ताच जाऊन या, आणि जायच्या आधी यूडायसवरची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतली, माहिती तपासा, पटसंख्या, खोल्या, वीज कनेक्शन सगळं, कारण वरचे लोक शाळा बघायला येत नाहीत, यूडायसच बघतात. पीएबीच्या मीटिंगचं इतिवृत्त शिक्षण मंत्रालयाच्या वेबसाइटवर येतं, त्यात आपल्या राज्याचं व्यवसाय शिक्षणाचं पान नक्की वाचा.

आता पुरतं का. मशिनरीचा पैसा एकदाच येतो आणि त्याचंच सगळ्यांना कौतुक असतं, फोटो निघतात. पण विषय चालतो तो दरवर्षी लागणाऱ्या पैशावर, म्हणजे ट्रेनरचं मानधन आणि कच्चा माल. आमच्याकडे वेल्डिंग मशीन आलं आणि आठ महिने खोक्यातच राहिलं, का तर शाळेचं मीटर सिंगल फेज, आणि वायरिंग-अर्थिंगसाठी त्या अनुदानात खर्चाचं हेडच नव्हतं. वेतनेतर अनुदानातून करायचं म्हटलं तर त्यातून लाइटबिल भरता भरता नाकी नऊ येतात. शेवटी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली तेव्हा थ्री फेज आलं. तोवर वेल्डिंग रॉडच्या पुड्यांनी एक पावसाळा बघितला होता, ओला रॉड लावला की नुसता तडतडतो आणि जोडाला भोकं पडतात, पोरांना वाटतं आपलाच हात चुकतोय. आमच्या ट्रेनर सरांनी ते रॉड पत्र्यावर पसरून दुपारभर उन्हात वाळवले आणि मग पहिला जोड नीट बसला. त्या वर्षी नववीच्या मुलींनी चौकोनी पाइपचे सहा बेंच केले, ते आजही वर्गात आहेत, एकही डुगडुगत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ट्रेनरचं. ही पोस्ट संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांत, नाही, माणूस कंत्राटी संस्थेमार्फत येतो, पगार वरून त्या संस्थेला आणि संस्थेकडून त्याला. आमच्या सरांचं मानधन एका वर्षी पाच महिने अडकलं होतं. घरी लहान मूल, रोज वीस किलोमीटर मोटरसायकलवरून येणं, तरी त्यांनी प्रॅक्टिकल बुडवलं नाही, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या वर्षी ते एका कंपनीत लागले आणि आमचा विषय जूनपासून दिवाळीपर्यंत बंद. चांगला माणूस टिकवायचा तर मानधन वेळेवर मिळालं पाहिजे, आणि अशा खंडासाठी शाळेच्या संस्थाचालकांनी थोडी रक्कम बाजूला ठेवायचं आधीच ठरवावं, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

हिशेबाचं म्हणाल तर प्रत्येक पावती त्या दिवशीच फाइलला लावा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा त्याच कामाला लागला याचा दाखला, वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो, आणि ३१ मार्चच्या आधी खर्च झाला नाही तर पैसा परत. आमच्याकडे एकदा पैसे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आले, तेव्हा तीन दरपत्रकं घेण्यात चार दिवस गेले. म्हणून काय काय लागणार याची यादी डिसेंबरातच करून ठेवा, ब्रँड, माप, नग सगळं.

पेपरात ६० हजार कोटींची बातमी वाचली असेल, २०२५ मध्ये मंजूर झालेली, ती आयटीआयच्या अपग्रेडेशनची आहे, एक हजार सरकारी आयटीआयसाठी. त्यातून शाळेला काही मिळणार नाही, गल्लत करू नका. पण जवळ आयटीआय असेल तर तिथल्या निदेशकांशी ओळख ठेवा, आमच्या मुलांना लेथ पहिल्यांदा तिथेच हाताळायला मिळाला.

मल्टिस्किल घेणार असाल तर एकदा शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रमात जाऊन या. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेलं काम आहे, इंजिनिअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग एकाच विषयात, आणि मुलं शिकता शिकता गावातली खरी कामं करतात. आम्ही ते बघूनच गावातल्या लोकांची छोटी कामं घ्यायला लागलो, गेटची कडी, गोठ्यातली गव्हाण असलं काही, माल त्यांचा आणि मजुरी थोडी, त्यातून वर्षभराचे रॉड आणि कटिंग व्हील निघतात.

ऑटोमोबाइल की मल्टिस्किल हे ठरवायच्या आधी तुमच्याकडे मीटर कोणतं आहे आणि मोकळी खोली किती फुटांची आहे तेवढं कळवा, मग नीट सांगता येईल.