धुळीवर बर्फ जमतो, मग गारपीट आधी का कळत नाही?

प्रश्न: तासगावला आमची द्राक्षबाग आहे. मार्चमध्ये खाली अंग भाजणारं ऊन आणि दुपारी वरनं गारा, तयार घड फुटले. पोरगा म्हणतो ढगात धुळीच्या कणावर बर्फ जमतो आणि ते कॉम्प्युटरवर बघता येतं. मग आदल्या दिवशी गावाचं नाव घेऊन का सांगत नाहीत? आणि गारा फोडायची गन घ्यावी का?
— एक बागायतदार

उत्तर: पोरगा बरोबर सांगतोय, पण पुढची गोम राहिली. पाणी शून्याला गोठतं हे आपण शाळेत शिकलो, ढगातला बारीक थेंब ते जुमानत नाही, त्यात काहीच कचरा नसेल तर तो उणे 38 डिग्रीपर्यंत पाणीच राहतो. त्याआधी गोठायचं तर कण लागतो, आणि तोही कुठलाही नाही! उणे 20 ला एक लिटर हवेत असा कामाचा कण साधारण एखादाच सापडतो, बाकीचे लाखो नुसतेच तरंगत असतात. वाळवंटी धुळीतलं पोटॅशियम फेल्डस्पार नावाचं खनिज यात पटाईत, आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकामध्येही फेल्डस्पार आहे पण बहुतेक दुसऱ्या जातीचा, त्याला हे तेवढं जमत नाही. पिकांच्या पानांवरचा स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा जिवाणू तर उणे 2 ते 5 लाच बर्फ जमवतो.

आता कॉम्प्युटर. एका प्रकारच्या मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गणिती नकलेत, कणाचा पृष्ठभाग आणि त्यावरचे काही हजार पाण्याचे रेणू घेतात, घड्याळ एकदोन फेम्टोसेकंदांनी पुढं सरकतं, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग, आणि मग बसायचं वाट बघत बर्फाचा पहिला गाभा कधी धरतो त्याची. यातनं कण कसा काम करतो ते कळतं, तासगावचं हवामान नाही.

हवामानाच्या मॉडेलला एकेक कण परवडत नाही, तिथं सूत्र वापरतात. नुसत्या तापमानावरची जुनी सूत्रं हजारपटीनं चुकायची. 2010 मध्ये डिमॉट हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण किती तेही हिशोबात धरलं, तेव्हा चूक दहापटीच्या आत आली. दहापट हीसुद्धा थोडीथोडकी नाही बरं का. त्यात उणे 3 ते 8 च्या पट्ट्यात वाढत्या बर्फाच्या गोळ्यावर थेंब आपटून गोठले की बर्फाच्या बारीक किरचा उडतात आणि एकाचे अनेक होतात, हे हॅलेट आणि मॉसप या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये प्रयोगात दाखवलं, म्हणजे कण मोजून बर्फ मोजता येतोच असं नाही.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे, तिथं ढगच खिडकीशी येतो. पण तुमच्या बागेवर, पाच किलोमीटर उंचीच्याही वर, आज दुपारी कसली धूळ आहे हे कोण मोजणार? मे 2025 मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या हवामान मॉडेलमध्ये नकाशाचे चौकोन पाडतात, त्यातला एकेक चौकोन 6 किलोमीटरचा आहे, आणि गारपीट या शिवारात पडते तर ओढ्यापलीकडं थेंब नसतो. म्हणून आदल्या दिवशी जिल्ह्याचा इशारा, आणि गाव कळायचं तर ऐनवेळी रडारवर.

गन मात्र घेऊ नका, माझं स्पष्ट मत. आवाजाच्या लाटेनं गार फुटते याला शास्त्रीय आधार नाही, आणि ढगात वीज कडाडते ती काय कमी आवाजाची असते का? तेच पैसे गारपीट-जाळीला लावा.